खिळेकाकू आणि कपाटातली तसबीर

नव्या घरात माणसं राहायला येतात, सामान लावतात, पडदे टांगतात आणि शेवटी भिंतीवर चित्रं लावायची वेळ आली की नवरा-बायकोत त्या घरातलं पहिलं भांडण होतं. नवरा स्टुलावर, बायको खाली. "जरा वर घे", "इतकं नाही रे", "आता डावीकडे", "माझी डावी की तुझी?" होता होता भिंतीची चाळण होते, चित्र सगळ्यात शेवटच्या भोकात कसंबसं लटकतं आणि दोघंही जेवताना एकमेकांशी बोलत नाहीत. या एका वस्तीत मात्र असं होत नसे, कारण तिथे खिळेकाकू होत्या.

त्यांचं नाव अर्थातच वेगळं होतं, पण ते उरलं होतं फक्त लाइटबिलावर. तरुणपणी त्या बाजारातल्या तसबिरीच्या दुकानात कामाला लागल्या. काच कापायची, पुठ्ठा कापायचा, लाकडी पट्ट्यांचे कोपरे जुळवायचे. हे सगळं निगुतीने करून दिलेलं चित्र लोक घरी नेत आणि थेट छताखाली टांगत. अशाच एका गिऱ्हाइकाकडे काकू काही कामाने गेल्या, मान वर करून त्यांनी आपण केलेली तसबीर शोधली आणि विचारलं, "हे काय पालींना बघायला लावलंय का?" घरमालकाला काही सुचायच्या आत त्यांनी स्टूल ओढलं, चित्र उतरवलं, खाली माणसांच्या उंचीला लावलं. घरमालक आधी चिडला, मग बघतच राहिला. तिथून त्यांना बोलावणी यायला लागली. पुढे दुकान बंद झालं, बोलावणी सुरूच राहिली.

त्यांची पद्धत अशी होती की नवख्या माणसाचा धीर सुटावा. आल्या आल्या हातोडी काढायच्या नाहीत. आधी खोलीतल्या प्रत्येक खुर्चीवर बसून घ्यायचं. पलंगावर आडवं होऊन बघायचं. "इथे कोण बसतं? उठल्यावर आधी कुठे बघतं? हा दिवा रोज लागतो की पाहुणे आले की?" मग सगळी चित्रं जमिनीवर मांडायची आणि घरातल्यांना सांगायचं, आज यांच्यातूनच चालायचं. "ज्या चित्रावर पाय पडेल असं वाटून तुम्ही दचकाल ना, ते तुमचं लाडकं. ते मधे." कुणी जरा शहाणपणा करून म्हणालं की मोठं चित्र मधे ठेवूया, तर म्हणायच्या, "ठेवा की. मग मला कशाला बोलावलंत?"

जागा ठरली की बोटाच्या पेराने भिंत वाजवायच्या, खिळा मारायच्या, चित्र अडकवायच्या आणि मागे सरकायच्या. डावा डोळा मिटायचा, उजव्याने बघायचं, एका बोटाने फ्रेमचा कोपरा किंचित ढकलायचा आणि म्हणायचं, "झालं." गवंड्यांकडे असते तसली पाणसळ, आत हिरवं पाणी आणि फिरणारा बुडबुडा असलेली, त्यांनी आयुष्यात वापरली नाही. "बुडबुड्याला काय कळतंय?" एकदा काकूंनी झालं म्हटलं की ते झालं. त्यावर अपील नव्हतं.

सामानाची पिशवी आणि स्टूल घेऊन त्यांच्या मागून काका यायचे. काका निवृत्त पोस्टमन. सगळा जन्म उजव्या खांद्यावर टपालाची थैली वाहिल्यामुळे त्यांचा तो खांदा खाली गेला होता, तो निवृत्तीनंतरही वर आला नाही. समोरून बघणाऱ्याला काका कायम त्याच्या डाव्या हाताला कललेले दिसायचे. काकूंना चिडवायला हे आयतंच मिळालं होतं. "सगळी वस्ती सरळ केली मी, एवढा एक नग राहिला," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. "यांना खिळ्याला अडकवलं तरी हे एका बाजूला जातील!" लोक हसायचे, काकाही हसायचे.

पण त्यांना ते लागत असे. ज्या घरात एक इंच भिंत रिकामी नव्हती, त्या घरात एकच तसबीर कपाटात, चादरींच्या खाली पडून होती. काकांच्या निवृत्तीच्या दिवशी पोस्टाच्या दारात काढलेला, दोघांचा फोटो. काकूंनी त्याला हौसेने चांगली रुंद काळी फ्रेम केली होती. काकांनी तो लावू दिला नाही. "खांदा दिसतो," एवढंच म्हणाले. काकूंनी बरेच दिवस हट्ट धरला आणि मग सोडून दिला. आपल्याच थट्टेने ही वेळ आणली, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मग काकूंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला.

ही बाई कधी कुणाला घाबरली नव्हती, पण आता तिची पाचावर धारण बसली. डॉक्टर समजावून सांगत होते की साधं ऑपरेशन आहे, रोज करतो. काकू मान डोलवत होत्या आणि टेबलाखाली काकांचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. घरी येताना म्हणाल्या, "अहो, ही नजर गेली तर मी खिळेकाकू कशाची? नुसती काकू. नुसत्या काकू काय, गल्लीत पैशाला पासरी आहेत."

"जात नाही गं कुठे," काका म्हणाले. पण धास्तावले तेही होते.

ऑपरेशन छान झालं. सांगितलेले दिवस घरी बसून काढले आणि दोघं नवा चष्मा घ्यायला गेले. चष्मेवाल्याने बऱ्याच फ्रेमा पुढे ठेवल्या. काकूंनी सगळ्या बाजूला सारल्या. "चौकोनी फ्रेमा जन्मभर पाहिल्या. निदान डोळ्यांना तरी नकोत. गोल दाखवा." अगदी गोल, बांगडीसारखी फ्रेम त्यांनी पसंत केली. चष्मा तयार होऊन आला, त्यांनी तो घातला, सवयीने डावा डोळा मिटला आणि समोर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "तुमचा खांदा सरळ झाला की हो!"

"काहीतरीच काय?"

"खरंच सांगते. मी घरात बसले होते तर तुम्हाला आराम मिळाला. पिशवी उचलली नाहीत ना इतके दिवस. सरळ झालात! ताठ दिसताय अगदी."

घरी आल्यावर त्यांनी आरशात बघितलं. खांदा होता तिथेच होता. पण ती म्हणाली होती, आणि थट्टेत म्हणाली नव्हती. त्या दिवशी काका शेजारपाजाऱ्यांशी जरा जास्तच बोलले.

काकूंची कामं पुन्हा जोरात सुरू झाली. शिलाईवालीच्या खोलीत दोऱ्यांच्या फळीवर तिच्या आईने भरतकाम केलेली चित्रं लावली. बँकेतल्या कॅशियरच्या दिवाणखान्यात समुद्राचं मोठं चित्र लावलं. दोघी निवृत्त नर्स बहिणी एकत्र राहत, त्यांच्याकडे डोंगरांची रांगच्या रांग लावली. प्रत्येक ठिकाणी मागे सरकणं, डावा डोळा मिटणं आणि "झालं."

आणि प्रत्येक चित्र वाकडं होतं. सगळी एकाच बाजूला, बघणाऱ्याच्या डाव्या हाताला खाली गेलेली. फार नाही, पण आंधळ्यालाही कळावं इतकी.

आता सरळ मनाच्या माणसाला वाटेल की कुणीतरी बोललं असेल. कुणी बोललं नाही. भीड हे त्याचं निम्मंच कारण. काकूंचं चुकू शकतं ही शक्यताच त्या वस्तीच्या डोक्यात शिरली नाही. कॅशियरला समुद्र एका बाजूला सांडतोय असं वाटायला लागलं तेव्हा त्याने गवंडी बोलावला. गवंड्याने ओळंबा सोडून बघितला आणि भिंत सरळ आहे म्हणाला. कॅशियर त्यालाच म्हणाला, "मग तुझा ओळंबा बदल." नर्स बहिणींपैकी धाकटी मान जराशी तिरकी करून बसायला लागली, थोरलीने तिला मानेचे व्यायाम सुरू करायला लावले. एकीलाही वाटलं नाही की डोंगरांकडे संशयाने बघावं.

काकांना मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होतं. घरात तर कहरच झाला होता. काकू संध्याकाळी खोलीत फिरत, डावा डोळा मिटून, आणि एकेक चित्र बोटाने "सरळ" करत. सकाळी त्या आंघोळीला गेल्या की काका तीच चित्रं परत जागेवर आणत. संध्याकाळी काकू कपाळाला हात लावत. "परत हलली! हे रस्त्यावरचे ट्रक. भिंती हलतात मेल्या. तक्रार केली पाहिजे कुठेतरी."

"केली पाहिजे," काका म्हणायचे.

एकदा त्यांनी हिय्या करून पाणसळ विकत आणली आणि सामानाच्या पिशवीत हातोडीखाली ठेवली. म्हणजे तोंडाने सांगायला नको, बुडबुडाच सांगेल. काकूंना ती सापडली. "हे खेळणं कुणाचं?" त्या खो खो हसल्या आणि पाणसळ पिशवीच्या तळाशी ढकलून दिली. काका पुन्हा मूग गिळून बसले.

शेवटी बिंग फुटलं ते शिलाईवालीच्या खोलीत. तिने आणखी एक चित्र करून घेतलं होतं, ते लावायला काकू गेल्या. चित्र लावायच्या आधी त्यांनी दोऱ्यांच्या फळीवर हात टेकला, तर लाल दोऱ्याचं रीळ आपलं आपण गडगडत निघालं, फळीच्या डाव्या टोकाला गेलं आणि खाली पडलं. काकूंनी उचलून परत ठेवलं. ते परत निघालं.

"ही फळी कुणी बसवली गं?"

"आधीचीच आहे," शिलाईवाली म्हणाली.

"आधी सरळ होती. मी बघितलीये."

शिलाईवाली गडबडली. काकू वाकल्या आणि फळीखाली बघितलं. उजव्या बाजूच्या लोखंडी ब्रॅकेटवर पुठ्ठ्याची घडी करून खुपसली होती.

"हे काय आहे?"

"ते... तुम्ही चित्रं लावून गेल्यावर फळी वाकडी दिसायला लागली," शिलाईवाली म्हणाली. "मग यांनी पुठ्ठा घालून चित्रांशी जुळवून घेतली. रिळं पडतात अधूनमधून. उचलते मी. त्याचं काही नाही काकू."

काकूंनी वळून न बघता हात मागे केला. "अहो, ते खेळणं द्या."

काकांनी पिशवीच्या तळातून पाणसळ काढून दिली. काकूंनी ती भरतकामाच्या फ्रेमवर ठेवली. बुडबुडा सरळ उजव्या टोकाला पळाला. "बिघडलीये," काकू म्हणाल्या. मग त्यांनी दुकानात इतरांना करताना पाहिलेली गोष्ट केली. पाणसळ खरी की खोटी हे बघायचं तर ती उलट फिरवून ठेवायची. त्यांनी फिरवली. बुडबुडा परत उजव्याच टोकाला गेला.

काकू मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. पाणी मागितलं. काकांना वाटलं, आता रडणार. शिलाईवालीला वाटलं, आता ओरडणार. काकूंनी पेला खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि उठल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "ऑपरेशननंतर जिथे जिथे गेलो तिथे सगळीकडे. आत्ता. पाणसळ तुम्ही धरायची. मी फक्त ठोकणार."

आणि मग वस्तीने एक अजब गोष्ट बघितली. खिळेकाकू घरोघर जाऊन सांगत होत्या की माझं चुकलं, चित्र वाकडं लागलंय, सरळ करायला आलेय. आणि कुणी ऐकायला तयार नव्हतं.

"नाही हो काकू, आमची भिंतच तशी आहे," कॅशियर म्हणाला. "गवंडी बोलावला होता मी."

"काय म्हणाला गवंडी?"

"भिंत सरळ आहे म्हणाला. पण त्याला काय कळतंय?"

"त्याला कळत होतं," काकू म्हणाल्या. "तुम्हाला कळत नव्हतं. डोळे आहेत ना तुम्हाला? दिवसभर नोटा बघता, खोटी नोट ओळखता, आणि समोरचा समुद्र सांडतोय ते दिसत नाही?"

"दिसत होतं. पण तुम्ही लावलाय म्हटल्यावर..."

"मी लावलाय म्हणून काय झालं? मी काय देवाच्या घरून आलेय? यापुढे वाकडं दिसलं तर यायचं आणि तोंडावर सांगायचं. हातोडी माझ्या हातात असली तरी सांगायचं."

नर्स बहिणींकडे तर धाकटीने डोंगर सरळ झालेले पाहिले आणि म्हणाली, "अय्या, आता माझी मान दुखणार." काकू तिथे मनापासून हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा.

घरी आल्यावर मात्र त्यांनी पिशवी दारातच ठेवली आणि भिंतींवरून नजर फिरवली. सगळी चित्रं सकाळी काकांनी लावली तशी होती. काकूंनी डावा डोळा मिटला. वाकडी दिसली. उजवा मिटला. सरळ. हळूहळू सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे ट्रक नव्हते," त्या म्हणाल्या.

"नव्हते."

"तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्यापासून." त्यांचा आवाज चढला. "सगळ्या वस्तीत माझं हसं झालं असतं! दुसऱ्या कुणी सांगितलं नाही ते समजू शकते. ती माणसं भाबडी आहेत. तुम्ही? तुम्ही का नाही बोललात?"

काका खुर्चीत बसले.

"त्या दुकानात तू म्हणालीस, खांदा सरळ झाला," ते म्हणाले. "तेव्हाच कळलं मला, चष्म्यात काहीतरी गडबड आहे. आरशात बघितलं ना मी. पण तू मला कधी सरळ म्हणाली नव्हतीस. सगळ्या जन्मात एकदा म्हणालीस. मला वाटलं, राहू दे चार दिवस. मग चित्रं वाकडी व्हायला लागली आणि सांगायचं कसं तेच कळेना. सांगितलं असतं तर चष्मा बदलला असता, आणि मी परत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

चारचौघांत केलेली ती सगळी थट्टा काकूंना एकदम आठवली, खिळ्याला अडकवलं तरी एका बाजूला जातील वगैरे, आणि काका प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर हसले होते तेही आठवलं. त्यांना स्वतःचा राग आला. त्या आत गेल्या, चहा टाकला, दोन कप घेऊन आल्या आणि काकांच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "फार बोलले मी."

"असू दे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने चष्मा उजेडात धरला आणि लगेच म्हणाला, "काच फिरलीये. तुमच्या नंबराची काच ठरावीक कोनातच बसावी लागते. चौकोनी फ्रेममध्ये ती जागची हलत नाही, गोल फ्रेममध्ये फिरते. नीट घट्ट बसवली नव्हती, चूक आमची." त्याने बारीक स्क्रू सैल केला, काच जरा फिरवली, स्क्रू आवळला. एवढंच होतं. नजर गेलेली नव्हती. काकूंच्या जिवात जीव आला.

त्यांनी चष्मा घातला. डावा डोळा मिटला. समोर काका उभे होते, उजवा खांदा खाली गेलेला, पहिल्यासारखा. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि वाट बघत होते.

"आहात तसे आहात," काकू म्हणाल्या. "आणि मला तुम्ही असेच ओळखू येता. चला घरी, काम आहे."

घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं, चादरी बाजूला केल्या आणि ती काळ्या फ्रेमची तसबीर काढली. काका म्हणाले, "अगं, नको." काकूंनी ऐकलं नाही. दारातून आत येणाऱ्याची नजर जिथे आधी पडते, ती भिंत त्यांनी पेराने वाजवली. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी चित्र होतं, ते उतरवून बाजूला ठेवलं. खिळा मारला, तसबीर अडकवली, मागे सरकल्या. डावा डोळा मिटला. मग पुढे होऊन त्यांनी एका बोटाने फ्रेमची डावी बाजू वर ढकलली. आणखी जरा. आणखी जरा. फ्रेम चांगलीच तिरकी झाली. चित्रातली पोस्टाची इमारत कलली, तिची पायरी कलली, शेजारी उभ्या असलेल्या काकूही नवऱ्याच्या बाजूला कलल्या. आणि मधे काका उभे राहिले, दोन्ही खांदे एका रेषेत, ताठ.

काकूंनी वर आणि खाली आणखी एकेक खिळा मारून फ्रेम तिथेच घट्ट करून टाकली, म्हणजे कुणाला हलवता येणार नाही.

"झालं," त्या म्हणाल्या.

काका बराच वेळ त्या चित्रासमोर उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आंघोळीला गेल्या तेव्हा त्यांनी कुठल्याच चित्राला हात लावला नाही.

संध्याकाळी कॅशियर आला. समुद्र आता झकास दिसतोय, हे सांगायला मुद्दाम आला होता. दारातून आत शिरला आणि समोरच्या काळ्या फ्रेमपाशी थबकला. त्याने मान थोडी उजवीकडे केली. मग डावीकडे केली. वाकडं दिसलं तर तोंडावर सांगायचं, हे त्याला परवाच बजावलं होतं. त्याने तोंड उघडलं, काकूंकडे बघितलं, परत चित्राकडे बघितलं, आणि मग त्याची नजर चित्रातल्या माणसाच्या खांद्यांवर गेली.

"काका काय ताठ दिसतायत हो यात," तो म्हणाला.

"आहेतच," काकू म्हणाल्या. "बसा. चहा घेणार ना?"